फुल फ्लोटिंग की सेमी फ्लोटिंग? टोचन लावण्याआधी मागचं चाक बघा

धारणीहून परतवाड्याकडे येताना सेमाडोहच्या आसपास फोर-बाय-फोर गाडी बंद पडली, की मदतीला बहुधा एखादा ट्रक किंवा ट्रॅक्टरच येतो. टोचन लागतं आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "न्यूट्रल कर ना भाऊ, एक्सल कायले खोलतं?" जवळच्या गावापर्यंत हळूहळू न्यायची असेल तर त्याचं खरं आहे. पण घाट उतरून परतवाडा आणि तिथून आणखी पन्नासेक किलोमीटरवरची अमरावती गाठायची असेल, तर नुसत्या न्यूट्रलवर विसंबू नका.

चारही चाकं जमिनीवर असताना मागच्या चाकांबरोबर एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं), प्रोपेलर शाफ्ट (तिथून गिअरबॉक्सपर्यंतचा लांब दांडा) आणि त्यामागून गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही फिरतो. ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट मात्र इंजिनवर चालतो, आणि इंजिन तर बंद. वरचे बेअरिंग कोरडे पळतात. आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स असाच गेला. ओढून आणली तेव्हा सगळं ठीक वाटलं, आवाज आला तो इंजिन दुरुस्त झाल्यावर.

म्हणून लांब ओढायची तर चाकं आणि गिअरबॉक्स यांची साखळी कुठेतरी तोडावी लागते. "एक्सल काढून घे", म्हणजे एक्सल शाफ्ट काढ, असा सल्ला मिळतो तो यासाठीच. पण एक्सल फुल फ्लोटिंग आणि सेमी फ्लोटिंग अशा दोन जातींचे असतात आणि हा सल्ला त्यातल्या एकालाच लागू पडतो.

फुल फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजन एक्सल शाफ्टवर नसतंच. हाउसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या नळीच्या) टोकावर दोन बेअरिंगांवर हब (चाकाचा मधला गोल भाग) बसतो, हबवर चाक, आणि सगळा भार हाउसिंग घेतं. शाफ्टचं काम फक्त चाक फिरवणं. सेमी फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टच्याच टोकाला बसतं. तोच चाक फिरवतो आणि तोच वजनही पेलतो. म्हणजे शाफ्ट ओढला की चाकही त्याच्याबरोबर हातात येतं.

ओळखायला काही खोलावं लागत नाही. चाकाच्या मधोमध बाहेर आलेला जाड हब आणि त्यावर बोल्टांचं वेगळं कडं दिसलं तर फुल फ्लोटिंग. चाकाच्या नटांखेरीज मध्ये काहीच नसेल, सपाट असेल, तर बहुतेक सेमी. मोठ्या ट्रकांना फुल असतो. जीप-पिकअपच्या बाबतीत नावावर जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे फुल फ्लोटिंग होता, युद्धानंतरच्या नागरी जीपांमध्ये मात्र लवकरच सेमी आला. दिसायला जवळपास तीच गाडी!

फुल फ्लोटिंग असेल तर जॅकसुद्धा लागत नाही. आधी चारही चाकांना दगड लावा. मग फ्लँजचे, म्हणजे हबवरच्या त्या कड्याचे, बोल्ट काढा. काही गाड्यांत बोल्टांखाली शंकूच्या आकाराचे वायसर घट्ट बसलेले असतात, ते हातोडीच्या ठोक्याने सुटतात. शाफ्ट बाहेर ओढा, पण आतल्या हब नटाला हात लावू नका, चाक त्यावरच टिकून आहे. काढायचे तर दोन्ही बाजूंचे काढा. एकच काढला तर दुसरं चाक डिफरन्शियलमधले (क्राउनच्या आतले) लहान दाते गरागरा फिरवत राहतं आणि क्राउन जवळजवळ थांबलेला असल्याने त्यांना पुरेसं ऑइल मिळत नाही. शेवटी हबच्या तोंडावर पत्र्याची चकती पॅकिंगसह बसवा. कित्येक गाड्यांत हबच्या बेअरिंगला हाउसिंगमधलंच ऑइल जातं. तोंड उघडं ठेवलं तर ते गळून जाईल आणि आपल्या काळ्या मातीची धूळ आत जाईल.

सेमी फ्लोटिंगला शाफ्ट जागेवरच राहू द्या आणि प्रोपेलर शाफ्ट सोडवा. सोडवण्याआधी जोडणीच्या दोन्ही फ्लँजवर छिन्नीने खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि गाडी थरथरणार नाही. प्रोपेलरच्या टोकाच्या क्रॉसच्या (सांध्याच्या) वाट्यांना टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया रस्त्यावर सांडतात. इथे क्राउन फिरत राहतो, म्हणून हाउसिंगमधलं ऑइल तपासून घ्या. एक्सल कोणताही असो, पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक पुढच्या शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते फ्री करा, कायम फोर-बाय-फोर असेल तर पुढचा प्रोपेलरही काढा.

दोन्ही प्रकारांत एक धोका सारखाच. साखळी तोडली की गाडी गिअरमध्ये टाकून थांबत नाही. हँडब्रेक प्रोपेलरवर असेल तर तोही निकामी. इंजिन बंद असल्याने ब्रेकही जड लागतो. म्हणून घाटात दोर नको, लोखंडी दांडीच हवी, पाच मीटरच्या आत, आणि मागच्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर. स्टिअरिंगचं लॉक उघडं ठेवायला चावी फिरवून तिथेच लावलेली राहू द्या.

आणि शाफ्टच तुटलेला असेल तर? फुल फ्लोटिंगवाला तुकडे बाहेर काढून, चकती लावून गाडी टोचनावर नेऊ शकतो. सेमीवाल्याने तो विचारही करू नये, त्याचं चाक तुटक्या शाफ्टसकट वाटेतच निघून जाऊ शकतं. त्याने क्रेनच बोलवावी आणि मागची बाजू उचलूनच गाडी न्यावी.