गफूर या नावाचा अर्थ

‘इस्लाममधला देव फक्त शिक्षा करतो, तिथं माफी नाहीच,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आमच्या भुसावळच्या बाजारात अब्दुल गफूर, अब्दुल रहीम अशा हाका रोज कानावर पडतात. उत्तर त्यांतच आहे. अब्दुल गफूर म्हणजे क्षमाशीलाचा सेवक. अरबीत ‘गफर’ म्हणजे झाकणं. डोकं वाचवणाऱ्या शिरस्त्राणाला त्याच मूळ शब्दावरून ‘मिगफर’ म्हणतात. पाप झाकून माणसाला जपणारा, तो गफूर. किती हळुवार कल्पना!

शिक्षेचे उल्लेख कुराणात आहेतच. पण ११४पैकी ११३ अध्यायांच्या आरंभी ‘रहमान, रहीम’ (कृपाळू, दयाळू) हीच नावं येतात. मराठी भाषांतर उघडून मोजा. ३९व्या अध्यायातली ५३वी आयत (वचन) ही वाचा: ईश्वराच्या दयेबद्दल निराश होऊ नका. मात्र कुणाचे पैसे बुडवले असतील, तर ते त्याला परत करावेच लागतात.