पार्श्वभूमी: अगराची लागवड आणि ‘लागवडीचे झाड’ या व्याख्येचा वाद

अगराच्या झाडाची लागवड हा आज जितका शेतीचा विषय आहे, तितकाच तो परवाने आणि नोंदींचाही आहे. तो असा का झाला, हे समजण्यासाठी प्रामुख्याने 1994 नंतरचा काळ पाहावा लागतो. अगर, ऊद किंवा गहारू या नावांनी विकले जाणारे सुगंधी लाकूड ॲक्विलारिया आणि गायरिनॉप्स या दोन प्रजातींतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) झाडांपासून मिळते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळपास गंधहीन असते. खोडाला इजा होऊन तिच्यात बुरशी शिरली, की झाड बचावासाठी गडद राळ तयार करते आणि सुगंध त्या राळेत असतो. झाड लावणे आणि अगर मिळवणे या त्यामुळे मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचे बहुतेक प्रश्न या दोहोंमधल्या अंतरातून निघाले आहेत.

प्राचीन व्यापाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे आसामपुरता एक संदर्भ पुरेसा आहे. तेथे या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात, आणि वरच्या आसामात घराभोवतीच्या बागेत सुपारीच्या जोडीने अगर लावण्याची पद्धत जुनी आहे. या बागांमध्ये खोडात बोगदे पाडणारी एका पतंगाची अळी स्वाभाविकपणे आढळते, त्या बोगद्यांतून बुरशी आत जाते आणि राळ तयार होते. मालकाला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, मात्र कोणत्या झाडात राळ किती धरली आहे याचा अंदाज बांधणे हे अनुभवाचे काम असते. शेजारच्या बांगलादेशातील सिल्हेट भागात खोडात रांगेने लोखंडी खिळे ठोकून हीच इजा माणसाच्या हाताने केली जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखाती देशांत तेलाचा पैसा आला, तशी ऊदाची मागणी वाढली. जंगलात राळ धरलेली झाडे मोजकीच असतात आणि बाहेरून ती ओळखणे अवघड असते, म्हणून शोधणारे निरोगी झाडेही तोडत गेले. भारताच्या प्रस्तावावरून 1994 मध्ये ॲक्विलारिया मलाक्केन्सिस ही जाती धोक्यातील जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या (CITES) दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली आणि 1995 पासून तिच्या निर्यातीला परवाना लागू लागला. या निर्णयात एक उघड त्रुटी होती. लाकडाच्या ढलप्या किंवा भुकटी पाहून ती कोणत्या जातीची, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला सांगता येत नाही, त्यामुळे एका जातीचा माल दुसरीच्या नावाने पाठवणे सोपे होते. अखेर 2004 मध्ये दोन्ही प्रजातींतील सर्व जाती परिशिष्टात आल्या.

खरा गुंता त्यानंतर वाढला. करारानुसार ‘कृत्रिमरीत्या वाढवलेल्या’ झाडाच्या मालाला तुलनेने सोपी वाट असते, तर जंगली झाडाच्या मालासाठी त्या तोडीने जातीच्या अस्तित्वाला धोका नाही, हे निर्यातदार देशाला दाखवून द्यावे लागते. पण कृत्रिमरीत्या वाढवलेले म्हणजे काय? वृक्षांविषयी 1997 मध्ये मान्य झालेला निकष एकाच जातीच्या सलग लागवडीवर बेतलेला होता. साग किंवा निलगिरीसाठी तो योग्य असेल; आसामातल्या बागेला तो लागू पडत नव्हता, कारण तेथे अगराशेजारी सुपारी असते, रोपे कधी मोठ्या झाडाखाली आपोआप उगवलेली असतात आणि बी कित्येकदा जंगलातून आलेले असते. ज्या पद्धतीने हे झाड पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, तीच कागदावर संशयास्पद ठरली, आणि ज्यांनी अलीकडे शेकडो एकरांवर एका रांगेत रोपे लावली, त्यांचे काम सोपे झाले. हा परिणाम हेतुपुरस्सर नव्हता असे मानले, तरी त्याची किंमत लहान उत्पादकांनी मोजली, हे नाकारता येत नाही.

ही विसंगती दूर करायला 2013 उजाडले. त्या वर्षी याच कराराच्या सदस्य देशांनी केलेल्या ठरावाने घरगुती आणि सामूहिक बागा, तसेच सरकारी, खासगी किंवा सामूहिक लागवडी, मग त्या एका जातीच्या असोत वा मिश्र, यांतील अगर कृत्रिमरीत्या वाढवलेले मानण्यास संमती दिली आणि जंगलातून आणलेल्या बियांनाही काही अटींवर मुभा दिली. पुढे 2019 मध्ये पूर्ण जंगली नाही आणि पूर्ण लागवडीचेही नाही, अशा वनस्पतींसाठी ‘साहाय्यित उत्पादन’ हा तिसरा वर्ग तयार झाला. व्याख्या सैल झाली, मात्र पुरावा देण्याचे ओझे कमी झाले नाही. बागेतले झाड बागेतलेच आहे हे सिद्ध करायला नोंदणी लागते, आणि अनेक दशकांपूर्वी लावलेल्या झाडाची नोंद सहसा कुठेच नसते.

दरम्यान तंत्रही बदलत होते. व्हिएतनाममध्ये 1990 च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांतून खोडाला छिद्रे पाडून, त्या जखमा उघड्या ठेवून आणि त्यांत बुरशी किंवा रसायने सोडून राळ धरायला लावण्याच्या पद्धती पुढे आल्या. चीनमध्ये रुग्णाला सलाइन लावतात तसे राळ धरायला लावणारे द्रावण खोडात सोडून ते झाडभर पसरवण्याची पद्धत विकसित झाली. या तंत्रांनी लागवडीला व्यापारी अर्थ दिला, आणि पाठोपाठ ठरावीक वर्षांत ठरावीक परताव्याचे आश्वासन देणाऱ्या गुंतवणूक योजनाही आणल्या. अशा आश्वासनांत राळेची प्रत सहसा गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात टोचून घेतलेली कोवळी राळ आणि जंगलात दीर्घकाळ मुरलेली राळ यांच्या घटकांत, विशेषतः क्रोमोन नावाच्या रासायनिक संयुगांच्या प्रमाणात, फरक आढळतो. ऊद ओळखणारे ग्राहक हा फरक वासावरून टिपतात आणि भावही त्याप्रमाणे देतात. सलग लागवडीला आणखी एक धोका आहे: अगराची पाने खाणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या एकजातीय लागवडीत झपाट्याने पसरतात आणि झाडे निष्पर्ण करतात.

पाश्चात्त्य अत्तर उद्योगात एका फ्रेंच फॅशन घराण्याने 2002 मध्ये ऊदाच्या कल्पनेवर अत्तर काढले आणि नंतर त्याचे अनुकरण झाले. या मागणीचा फायदा उत्पादकांना वाटतो तेवढा होत नाही, कारण मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या अत्तरांतला ऊद बहुधा प्रयोगशाळेतल्या मिश्रणातून येतो. खरे तेल आजही मुख्यतः आखाती बाजारात जाते. लाकूड आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजवून, नंतर भट्टीवर ऊर्ध्वपातन करून मिळणारे ते तेल अत्यल्प असते. आसामात राळ नसलेल्या किंवा कमी असलेल्या लाकडातून ‘बोया’ नावाचे हलके तेलही काढले जाते.

भारतात आसामने 2020 मध्ये आणि त्रिपुराने 2021 मध्ये अगरासाठी स्वतंत्र धोरण आणले. दोहोंनी या झाडाकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले आणि लागवड, वाहतूक व प्रक्रिया यांना चौकट देण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर भारताचा वार्षिक निर्यात कोटा वाढून ढलप्या व भुकटीसाठी सुमारे दीड लाख किलो आणि तेलासाठी सुमारे सात हजार किलो झाला. मात्र हा कोटा देशाच्या नावावर असतो. आसामातील गोलाघाट किंवा त्रिपुरातील धर्मनगरजवळच्या ज्या कुटुंबाकडे अगराची मोजकीच झाडे आहेत, त्याला त्यातून थेट निर्यात करणे शक्य होत नाही. झाडांची नोंदणी नसेल, तर त्याचा माल उभ्या झाडाच्या अंदाजी भावाने व्यापाऱ्याकडे जातो आणि निर्यातीची कागदपत्रे व्यापाऱ्याच्या नावाने तयार होतात.