शिडाची नाव वाऱ्याविरुद्ध जाते का?

"शिडाची नाव काय, वारा नेईल तिकडं!" जळगाव-भुसावळकडे हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. परवा हतनूर धरणाच्या काठावर एका काकांनीही तेच ठासून सांगितलं. ते बरोबर नाही. नाव थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, एवढंच खरं. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरला की शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, तळाचा जड कणा नावेला आडवं सरकू देत नाही, आणि नाव नागमोडी वळणं घेत वाऱ्याकडेच पुढे सरकते.

खरी कसोटी त्या वळणात. सुकाणूवाला हाक देतो, एक जण दोर सोडतो, दुसरा पलीकडचा दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या फिरकीवर, आवळतो, बाकीचे कललेल्या डेकवरून सरपटत वरच्या कडेला जाऊन बसतात. खोल समुद्रातल्या शर्यतीत हौशी मंडळी हे रात्रीसुद्धा करतात, ओल्या कपड्यांत, झोपेच्या पाळ्या लावून.

तिथं जो तो आपल्यापुरता, हाही गैरसमजच. शर्यतीच्या नियमावलीतला पहिलाच नियम संकटातल्याला मदत करण्याचा आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हिंदी महासागरात पाठीला मार लागून अडकले, तेव्हा आयर्लंडचे ग्रेगर मॅकगुकिन स्वतःच्या नावेची डोलकाठी मोडलेली असताना त्यांच्या दिशेनं निघाले होते.