हॉट रॉडला स्टिअरिंग कुठल्या सालचे?

1932 ची फोर्ड आणि तिला 1940 चे स्टिअरिंग व्हील. कारखान्यातून निघाली तशीच गाडी जपणाऱ्याला ही जोडी खपणार नाही, हॉट रॉडवाल्याला मात्र हीच बरोबर वाटते. हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी. तिचा काळ मोजतात तो गाडी कापून, जोडून, हलकी करून पुन्हा उभी केली त्या सालापासून. एवढे मान्य करणारेही स्टिअरिंगपाशी आले की भांडतात.

फोर्डच्याच जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए यांच्या मूळ स्टिअरिंगवर फार बोलण्यासारखे नाही. कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या खांबावर, स्पार्क (ठिणगीची वेळ) आणि थ्रॉटलचे दांडे, ‘ए’ला मधोमध हॉर्नचे बटण आणि तिथेच दिव्यांची कळ. गाडी रॉड करायला घेतली की यातले बरेचसे पहिल्या झटक्यात निघायचे.

खरा काळ 1946 ते 1953. अमेरिकेत फेब्रुवारी 1942 मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, आणि युद्धानंतर जे बाजारात आले ते बहुतांशी 1942 चेच मॉडेल थोडे नटवून. दक्षिण कॅलिफोर्नियात परतलेल्या तरुणांसाठी सुट्या भागांची बाजारपेठ म्हणजे भंगाराचे आवार, आणि तिथे रचलेला माल युद्धापूर्वीचा. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले 1939 मध्ये. जमिनीवरच्या दांड्याचा 1939 चा गिअरबॉक्सही रॉडवाल्यांच्या पसंतीचा. ज्या आवारात हे भाग मिळत तिथेच 1940 चे दोन आऱ्यांचे व्हीलही मिळे. आठ वर्षांनी नवे, दिसायला देखणे आणि खिशाला परवडणारे. 1940 चे व्हील रूढ होण्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा भंगारवाल्याचा वाटा जास्त आहे, असे माझे मत. तारांच्या जुडग्यांच्या आऱ्या असलेले ‘बँजो’ व्हीलही तसेच युद्धापूर्वीचे. तारा थोड्या लवतात, त्यामुळे रस्त्याचे हादरे हाताला कमी बसतात. पन्नाशीत 1950 च्या फोर्ड क्रेस्टलायनरचे व्हील आले, पण ते रॉडपेक्षा कस्टम, म्हणजे देखणेपणासाठी बदललेल्या, गाड्यांत जास्त शोभते.

दुसरी परंपरा गोल ट्रॅकवरची. मिजेट आणि स्प्रिंट या छोट्या शर्यतीच्या गाड्यांसाठी लॉस एंजेलिसजवळच्या बेल गावातले एक दुकान तीन-चार आऱ्यांची दणकट व्हील विकत असे, आणि ‘बेल व्हील’ हे नाव त्यातूनच पडले. सुकलेल्या तळ्यांच्या सपाटीवर, म्युरॉक किंवा एल मिराजला, वेगाची नोंद करायला जाणाऱ्या रोडस्टरवर (उघड्या गाडीवर) असे व्हील दिसणे स्वाभाविक होते. आज मात्र बंद छपराच्या, रोज बाजारात जाणाऱ्या कूपेलाही ते बसवतात. चूक म्हणवत नाही, पण जी गाडी तळ्याकडे कधी फिरकली नाही तिच्यावर ते जरा मिरवल्यासारखे वाटते.

आता भांडणाच्या मुद्द्याकडे, 15 इंची व्हीलकडे. 1940 चे मूळ व्हील सुमारे 17 इंचांचे. सध्या त्याच नक्षीचे, त्याच आऱ्यांचे, पण 15 इंचांवर आणलेले नवे व्हील विकत मिळते आणि ते भरपूर खपते. कारण कळण्यासारखे आहे. रॉडचे छप्पर ‘चॉप’ करून खाली आणलेले, बॉडी ‘चॅनल’ करून चौकटीवरून खाली उतरवलेले. बैठक जवळपास जमिनीला टेकते, पाय समोर लांब करावे लागतात आणि 17 इंची रिम मांडीवर घासते. दार उघडून आत शिरणेही कसरतच. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत मोठे व्हील हीच तरफ असते. ते दोन इंचांनी लहान केले की उभ्या गाडीत चाक वळवताना खांद्याला लगेच कळते. मोठ्या व्हीलची अडचण तेव्हाच्या पोरांनाही होतीच. त्यावर त्यांच्याकडे उपाय दोन: कॉलमचा कोन बदलायचा, नाहीतर शर्यतीचे लहान व्हील लावायचे. 1940 ची छोटी आवृत्ती कुणाकडेच नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. म्हणून 15 इंची नक्कल पाहून ‘अगदी 1949 सारखी’ म्हणणे मला पटत नाही. सोयीसाठी लावली म्हणा, विषय संपला.

मूळ व्हील वापरावे तर त्याचे दुखणे वेगळे. आत पोलादी गाभा, वर साच्यात ओतलेले कडक आवरण. वर्षे गेली की आवरण आकसते, पोलाद तसेच राहते, आणि आरा रिमला मिळतो त्या सांध्यात चीर पडते. चीर कानशीने रुंद करून इपॉक्सी भरतात, घासून गुळगुळीत करतात, रंग देतात. काम नीट झाले तर सांधा शोधावा लागतो. घाईने केले तर पहिल्या उन्हाळ्यात चीर पुन्हा दिसते. बसवण्यापूर्वी हबमधला (मधल्या भागातला) टेपर, म्हणजे निमुळतेपणा, आणि खाचेतली चावी किंवा दाते आपल्या शाफ्टशी जुळतात का ते पाहावे लागते. नट आवळून जबरदस्तीने बसवलेले व्हील कुठल्याच काळाचे नसते, ते धोक्याचे असते.

साठीनंतरचा इतिहास झपाट्याने बदलतो. चकाकणाऱ्या मेटलफ्लेक आवरणाची व्हील आली. 1968 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना धडकेत दबणारा कॉलम सक्तीचा झाला. पुढे रॉडवाल्यांनी जनरल मोटर्सच्या गाड्यांमधले वर-खाली होणारे टिल्ट कॉलम काढून आणले, सत्तरीत साखळीच्या कड्या जोडून केलेली छोटी व्हील मिरवली, आणि ऐंशीच्या दशकात अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेल्या ‘बिलेट’ व्हीलचे राज्य आले. परंपरावाल्यांनी पुढे हे सगळे उपटून फेकले आणि 1940 चे व्हील परत आणले. पण आता सत्तरीत बांधलेल्या रॉडही जुन्या झाल्या आहेत. त्या होत्या तशाच जपायच्या म्हणणाऱ्यांना मेटलफ्लेक नि साखळीचीच व्हील हवी असतात, आणि त्यांच्या गाडीत 1940 चे व्हील बसवले तर तेच चुकीचे ठरते.