पाचशे मिलिलिटरची रेघ

बाळ रडलं, वार पडली, की लेबर रूममधल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. नेमकं तेव्हाच बाईचं रक्त जास्त तर जात नाही ना, हे बघायचं असतं. 500 मिलिलिटरच्या पुढे गेलं की धोका, हे पुस्तकात आहे. पण काही रक्त चादरीत मुरतं, काही गर्भजलात मिसळतं, काही पॅडबरोबर बादलीत जातं. मग मोजायचं कसं? सर्रास नजरेच्या अंदाजावरच भागवलं जातं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांना हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी 33 टक्क्यांनी कमी भरतो असं आढळलं. त्यांनी वापरलेला उपाय अगदी साधा: बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं कापड, त्याला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा.

याच कल्पनेची मोठी परीक्षा केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झाली. नैसर्गिक प्रसूती झालेल्या दोन लाखांहून अधिक बायका त्यात होत्या. गंमत म्हणजे तुलनेच्या रुग्णालयांतही पिशवी होती, फक्त रेघा नव्हत्या! 2023 मध्ये निकाल आला. रेघांच्या पिशवीमुळे जादा रक्तस्राव 93 टक्के वेळा ओळखला गेला, एरवी 51 टक्के.

नुसतं ओळखून भागत नाही. रेघ ओलांडली की गर्भपिशवीला मसाज, गर्भपिशवी आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि कुठे फाटलंय का याची तपासणी, हे सगळं एकदमच सुरू करायचं. एक करून बघू, नाही थांबलं तर दुसरं, ही आपली नेहमीची रीत इथे घातक. यातलं एकही औषध नवं नव्हतं. तरीही एक लिटरहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. नुसत्या मृत्यूंमधला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं.

त्याआधी उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणि सोबत प्रशिक्षक देऊन पाहिले होते. कर्मचाऱ्यांच्या सवयी सुधारल्या, पण मृत्यू घटले नाहीत. मला वाटतं, यादीपेक्षा रेघ वरचढ ठरते, कारण आत्ता हात हलवायचा की नाही, हे ती त्या क्षणी सांगते. अर्थात हात हलवायला सामान जवळ हवं. म्हणूनच आफ्रिकेत सगळी औषधं एकाच ट्रॉलीत किंवा पेटीत खाटेजवळ ठेवली होती. इंजेक्शन कुलूपबंद कपाटात आणि किल्ली भलत्याकडेच असेल, तर रेघ बघून करणार काय?