लाळ्या खुरकूतची रक्तचाचणी: लसीची तारीख का मागतो?

‘गाईला लाळ्या होऊन गेला का, तपासून द्या’ अशा चिठ्ठीसोबत आमच्या प्रयोगशाळेत रक्तजलाच्या (सीरमच्या) नळ्या येतात. लस कधी टोचली, हे बऱ्याच चिठ्ठ्यांवर नसतं. मग आमचा फोन, तुमची गोठ्यात विचारपूस, गड्याला न आठवणं, आणि तोवर अहवाल अडलेला. ‘रक्तात सगळं दिसतं ना, मग तारीख कशाला?’ असं पुष्कळ जण विचारतात. ती कशाला लागते, ते इथे सांगतो.

या विषाणूचं कवच चार प्रथिनांचं असतं: व्हीपी-१ ते व्हीपी-४, प्रत्येकाच्या ६० प्रती. लस म्हणजे हाच विषाणू पेशींत वाढवून, निष्क्रिय करून, शुद्ध केलेला. त्यात कवच शाबूत असतं. म्हणून लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात कवचाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) येतात, आणि ती यावीत म्हणूनच लस टोचायची. रोग होऊन बऱ्या झालेल्या जनावरातही तीच प्रतिपिंडं सापडतात. कवचाच्या चाचणीला या दोघांतला फरक कळत नाही. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लस टोचली जाते, तेव्हा कानात बिल्ला असलेली गाय या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ येणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते. तरी असा अहवाल व्हॉट्सअॅपवर फिरतो, ‘गाय रोगी आहे’ म्हणून चांगला सौदा मोडतो, आणि दोन्हीकडचे लोक आम्हाला फोन करतात.

रोग होऊन गेला का, हे पाहायला वेगळी चाचणी आहे. विषाणू जनावराच्या अंगात वाढतो तेव्हा कवचाखेरीज इतर प्रथिनंही तयार करतो. ही बिगर-कवच प्रथिनं लस शुद्ध करताना बहुतांशी काढून टाकलेली असतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर खरा संसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी. कोविडच्या वेळी हेच घडलं होतं: कोविशील्ड घेतलेल्याच्या रक्तात फक्त काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं येत, तर कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने आतल्या प्रथिनाविरुद्धचीही येत. कोणती लस घेतली ते ठाऊक नसेल, तर निकाल वाचायचा कसा?

अर्जावर शेवटच्या लसीची तारीख आणि आजवरचे डोस, दोन्ही लिहा. लस फार वेळा टोचलेल्या जनावरात बिगर-कवच चाचणी कधी कधी पुसटशी उमटते, म्हणून डोसांची संख्या लागते. चार महिन्यांखालच्या वासरात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं असतात, तिथे आईच्या लसीची तारीख द्या. तारीख आठवत नसेल तर बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक कळवा. लसीकरणाची नोंद ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत झाली असेल, तर तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती मिळते. तारखेशिवाय आम्ही चाचणी लावत नाही. हा हट्ट वाटेल, पण अर्थ न लागणाऱ्या आकड्याचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

लस लागली का, हे पाहायचं असेल तर टोचण्याच्या दिवशी एक आणि २८ दिवसांनी दुसरा नमुना घ्या, दोन्हींसाठी तीच जनावरं. या कवचाच्या चाचणीचा दर जास्त का, असंही विचारतात. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार असतात. त्यांची कवचं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की एकाची प्रतिपिंडं दुसऱ्यापासून संरक्षणाची खात्री देत नाहीत, त्यामुळे एकाच नमुन्याची चाचणी तीनदा लावावी लागते. बिगर-कवच प्रथिनं मात्र तिन्ही प्रकारांत जवळपास सारखी असल्याने तिथे एकदाच भागतं.

रोगाच्या शंकेसाठी लक्षणं दिसल्यापासून तीन आठवडे थांबा. त्याआधीचा ‘निगेटिव्ह’ फसवा असू शकतो. एकट्या जनावराच्या निकालावर फार भार टाकू नका, कळपाचा निकाल जास्त भरवशाचा. मोठ्या कळपात पाचातलं एक जनावर बाधित असेल, तर १४ नमुन्यांत निदान एक बाधित येण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. १४ नमुने एकदम आले तर आम्ही दोन्ही चाचण्या सवलतीत करतो, आणि दोन्हींना एकच नळी पुरते.

रक्त लाल बुचाच्या नळीत घ्या, ५ मिली पुरे. जांभळ्या बुचाची नळी नको, तिच्यात रक्त गोठत नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई. नळी तास-दोन तास सावलीत तिरपी ठेवा, गाठ बसली की वरचं पिवळसर रक्तजल दुसऱ्या नळीत काढा आणि २ ते ८ अंशांवर ठेवा. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फाला थेट टेकवूही नका. तांबड्या पेशी फुटून रक्तजल लालभडक होतं आणि नमुना पुन्हा मागवावा लागतो.

फोड आत्ता आलेले असतील तर आमच्याकडे येऊ नका. जिभेवरच्या फोडाचं साल आम्ही घेत नाही. हा रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवण्याजोगा आहे, म्हणून आधी सरकारी पशुवैद्यकांना सांगा. तो नमुना त्यांच्यामार्फत पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. साल निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं ७.२ ते ७.६ सामूचं फॉस्फेट बफर यांच्या मिश्रणात ठेवतात. द्रावण आम्ल झालं की विषाणूच्या कवचाचे तुकडे पडतात आणि चाचणीला काही उरत नाही. फॉर्मॅलिनही चालत नाही.

नमुने सोमवार ते गुरुवार पाठवा. शुक्रवारी कुरिअरला दिलेला डबा रविवारभर गोदामात तापत राहतो.