लेदर सीट पुसावी कशी, आणि तेल का लावू नये

गाडीतल्या लेदर सीटवरून हात फिरवला की कातड्याला हात लागतोय असं वाटतं. प्रत्यक्षात बोटांना लागतो तो पॉलियुरेथेनचा थर. कातडं त्याच्या खाली, साधारण १ ते १.४ मिमी जाडीचं. त्यावर रंगाचे हात आणि सगळ्यात वर हे पारदर्शक कोटिंग. आजच्या बहुतेक गाड्यांच्या सीट अशाच असतात. म्हणजे आपण पुसतो, घासतो आणि खराब करतो ते मुख्यतः हे कोटिंगच.

आपल्या सीटवर कोटिंग आहे का, हे बघायला बसायच्या भागावर, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांनीही तो तसाच उभा असेल तर कोटिंग आहे. थेंब मुरून गडद डाग पडला, तर ते कोटिंग नसलेलं ॲनिलिन लेदर. त्यावर पाणी बेताचंच वापरायचं. थेंब रेक्झिनवरही उभाच राहतो, पण त्याने काही बिघडत नाही, कारण पुसण्याची रीत तीच. कित्येक ‘लेदर’ सीटमध्ये बसायचा आणि पाठ टेकायचा भाग तेवढा खरा असतो, बाजू आणि सीटची मागची बाजू रेक्झिनची असते.

आता तेलाबद्दल. लेदरला ‘खाऊ घालायला’ हवं, नाहीतर ते सुकून तडकतं, हा समज फार चिवट आहे. कातडं मऊ ठेवणारी स्निग्ध द्रव्यं कारखान्यातच, कोटिंग चढण्याआधी, फिरत्या ड्रममध्ये त्याच्या तंतूंत मुरवलेली असतात. नंतर वरून चोळलेलं तेल कोटिंग ओलांडून फारसं आत जात नाही. ते वरच बसतं, धूळ धरतं, कपड्यांना लागतं. शिवणीतून किंवा बारीक भोकांतून थोडं आत गेलंच, तर तिथे काळपट डाग पडतो, आणि खाण्याचं तेल असेल तर पुढे खवट वासही येतो. लेदरला लागणारा ओलावा ते हवेतून घेतं, तेही बहुतांशी मागच्या, कोटिंग नसलेल्या बाजूने.

मग सीट तडकते कशाने? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंचावलेली कड बघा. चढता-उतरताना दर वेळी तिथे मांडी घासते, कड दुमडते. त्या जागी घाम, अंगाचं तेल आणि सनस्क्रीन साचलेलं असतं. हे तेलकट मिश्रण कोटिंग हळूहळू मऊ करतं, आणि त्यात अडकलेली बारीक धूळ सँडपेपरचं काम करते. आधी रंग उडतो, मग बारीक तडे जातात, मग उघड्या कातड्यात मळ शिरतो. उन्हातले अतिनील किरण हेच काम वरून करत असतात. बंद गाडीत उन्हात गडद सीट सहज ६० अंशांच्या पुढे तापते. सीट चकाकायला लागली की लोक खूश होतात, पण कोटिंग बहुधा मॅट असतं. ती चकाकी मळाची असते.

पुसायला सुरुवात व्हॅक्यूमने करा. मऊ ब्रशचं तोंड लावून शिवणी आणि पाठ-बैठकीची फट आधी मोकळी करा, नाहीतर तीच रेती पुढे आपण घासत बसतो. मग न्यूट्रल पीएचचा लेदर क्लीनर घ्या. नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली बेबी शाम्पू चालतो. द्रावण सीटवर फवारायचं नाही, ब्रशवर घ्यायचं. भोकं असलेल्या सीटमध्ये तर मुळीच नाही: खाली फोम असतो, कधी पंखा किंवा हीटरची तार, आणि शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर. हातभर तुकडा घेऊन मऊ ब्रशने हलकेच गोल घासा, फेस मळकट झाला की लगेच मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. फेस वाळू दिला तर मळ पुन्हा तिथेच बसतो. शेवटी ओलसर कापड, मग कोरडं, आणि सावलीत तासभर वाळवण. हेअर ड्रायर नको.

कपडे धुण्याचा साबण आणि खायचा सोडा अल्कधर्मी असतात, तर कमावलेलं लेदर आम्लधर्मी. शिवणी आणि तड्यांतून ते आत गेले की नुकसान करतात. ॲसिटोन, थिनर कोटिंगच विरघळवतात. पांढरा मेलामाइन स्पंज डाग काढतो खरा, पण कोटिंग खरवडून. बॉलपेनची शाई लगेच पुसली तरच निघण्याची आशा. नंतर ती थरात उतरते आणि तिच्यासोबत रंगही निघतो.

फिकट सीटचा खरा शत्रू जीन्सची निळाई. जीन्सचा इंडिगो हा निळा रंग धाग्याला घट्ट बांधलेला नसतो, घासला की सुटतो, ओला असेल तर जास्तच. इथेच प्रोटेक्टंट, म्हणजे सीटवर वरून लावायचं संरक्षक द्रव्य, उपयोगी पडतं. स्वच्छ, कोरड्या सीटवर पातळ हात द्यायचा, म्हणजे रंग कोटिंगऐवजी त्या थरात अडकतो आणि पुढच्या धुण्यात निघतो. सीट नवी असतानाच लावलं तर उत्तम. दर तीन-चार महिन्यांनी, बसण्याच्या जागी आणि कडेला. बाकी ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालतो. अधल्यामधल्या काळात आठवड्याला एकदा ओलसर कापड फिरवलं तरी पुष्कळ.

गेलेले तडे कुठल्याही कंडिशनरने भरत नाहीत. तिथे तेलकटपणा काढून ६०० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासायचं, लवचिक फिलर भरायचा, रंगाचे पातळ हात द्यायचे आणि वरून पारदर्शक थर. त्याआधी सीटवर सिलिकॉनची पॉलिश मारलेली असेल तर ती पूर्ण काढावी लागते, नाहीतर नवा रंग धरत नाही आणि पापुद्रे सुटतात.